हुंडणावळीचा भाव आणि जुने आकडे : डॉ. आंबेडकरांच्या ‘रुपयाच्या प्रश्ना’चें एक परीक्षण

जुनीं कागदपत्रें जमविणाऱ्या आणि छापणाऱ्या आम्हां मंडळींत एक प्रघात इतका रुळून गेला आहे कीं, तो प्रघात आहे हेंहि आतां कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. कागदांत पौंड आले कीं टीप देतांना त्यांचे रुपये करावयाचे, आणि रुपये आले कीं इंग्रजी साधनांशीं मेळ घालण्याकरितां त्यांचे पौंड करावयाचे. भाव कोणता? तर ज्याच्या कानावर जो पडला असेल तो. कोणी दहा रुपयांचा पौंड धरतो, कोणी पंधरा रुपयांचा, कोणी तेरा रुपये पांच आणे चार पैंचा. हे तीनहि भाव खरे आहेत. पण ते एका काळाचे नव्हेत. १८९४ सालच्या कागदास यांपैकीं कोणताहि लावला तरी तो चुकतोच, कारण त्या सालीं पौंडास अठरा रुपयांहून अधिक पडत होते.

ज्यांनीं लीलावती गुरुमुखानें वाचली आहे त्यांस त्रैराशिकाचीं तीन अंगें नव्यानें सांगावयास नकोत. प्रमाण, फल आणि इच्छा. यांतील इच्छाराशि कागदांत असतो. तो वाचणाऱ्याच्या हातीं आयता येतो. प्रमाण आणि फल हे मात्र त्या सालच्या आणि त्या गांवच्या बाजारांतून शोधून आणावे लागतात. आपण ते आपल्याच स्मरणांतून काढतों आणि उत्तर मात्र आणेपैपर्यंत बिनचूक देतों. गणित शुद्ध आणि विधान खोटें, असा हा प्रकार होतो.

या प्रघातास मी स्वतः बळी पडलों आहें, आणि त्यापायीं एका मृत मनुष्याच्या नांवास मीं विनाकारण काळिमा लावला आहे. शाळेच्या नोकरींत असतांना एका स्नेह्यांच्या माळ्यावरील दप्तर पाहण्याचा योग आला. त्यांत एका गृहस्थांची कीर्द आणि विलायतेस शिक्षणाकरितां गेलेल्या त्यांच्या मुलाचीं पत्रें होतीं. बाप मुंबईच्या एका आडत्याकडे रुपये भरी. आडत्या तेथून विलायतेवर हुंडी करून पाठवी. मुलगा पौंड पोंचल्याचें पत्रांत लिही. १८९० च्या हिंवाळ्यांत कीर्दीस ४०० रुपये नांवें पडले आहेत आणि मुलाची पावती ३० पौंड २ शिलिंगांची आहे. १८९४ च्या अखेरीस नांवें ५५० रुपये आणि पावती २९ पौंड १६ शिलिंगांची. मीं दोहोंसहि पंधराचा भाव लावला. पहिल्या रकमेचे २६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स निघाले, म्हणजे पावती अधिक. दुसरीचे ३६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स निघाले, म्हणजे पावती जवळ जवळ सात पौंडांनीं उणी. यावरून मीं एक कथाच रचली. आरंभीं आडत्यानें पदरचे चार पैसे घालून विश्वास संपादन केला आणि चार वर्षांनीं दुष्काळ पडल्यासारखा हात मारला, असें मीं लिहिलें, आणि तें एका नियतकालिकांत छापूनहि आलें. 

पुढें कांहीं वर्षांनीं एक वृद्ध गृहस्थ माझें तें टिपण घेऊन घरीं आले. आडत्याच्या कुळांतले. ते फारसें बोलले नाहींत. समासांत पेन्सिलीनें दोनच आंकडे मांडलेले होते, १८ पेन्स आणि १३ पेन्स. “मास्तर, एवढें एकदां ताडून पाहावें,” असें म्हणून ते उठले. ताडून पाहण्यासाठीं जें पुस्तक प्रथम हातीं घेतलें, त्याचेंच हें परीक्षण आहे. पुस्तक नवें नाहीं; त्यास शंभर वर्षें उलटून गेलीं आहेत. परंतु ज्यांना त्याची सर्वांत अधिक गरज त्या दप्तरवाल्यांनीं तें अर्थशास्त्राचें म्हणून दूर ठेविलें, आणि अर्थशास्त्रज्ञांनीं जुनें म्हणून.

डॉ. भीमराव आंबेडकर यांचें ‘दि प्रॉब्लेम ऑफ दि रुपी : इट्स ऑरिजिन अँड इट्स सोल्यूशन’ हें पुस्तक १९२३ सालीं लंडनच्या पी. एस. किंग अँड सन यांनीं प्रसिद्ध केलें. लंडन विद्यापीठाच्या डी. एस्सी. पदवीकरितां लिहिलेला हा प्रबंध. लेखकाचें वय तेव्हां बत्तिशीच्या आंत-बाहेर होतें. प्रो. एडविन कॅनन यांनीं प्रस्तावना लिहिली असून, सगळीं मतें मान्य नसतांहि लेखकाच्या ताजेपणाचें त्यांनीं मोकळेपणानें कौतुक केलें आहे. १९४७ सालीं मुंबईस याची दुसरी आवृत्ति ‘हिस्टरी ऑफ इंडियन करन्सी अँड बँकिंग’, खंड पहिला, या नांवानें निघाली. दुसरा खंड कधींच निघाला नाहीं. तो निघता तर १९२७ नंतरच्या हुंडणावळीचा इतिहास आपणांस त्याच धारदार लेखणीनें लिहिलेला मिळाला असता.

ग्रंथाचीं सात प्रकरणें आहेत. दुहेरी मानाकडून रौप्यमानाकडे, रौप्यमानाची समता ढळणें, तिच्या अस्थिरतेचे दुष्परिणाम, सुवर्णमानाची वाट, तेथून सुवर्ण-विनिमय-मानाकडे झालेलें घसरणें, त्या मानाच्या स्थैर्याची परीक्षा, आणि शेवटीं सुवर्णमानाकडे परतण्याचा उपाय, असा क्रम आहे. दप्तरवाचकानें पहिलीं तीन प्रकरणें तरी जवळ ठेवावींत असें माझें मत आहे. आणि नेमकें पहिल्याच प्रकरणाशीं माझें भांडण आहे, तेंच आधीं मांडतों.

मोगली अमलांत मोहोर आणि रुपया हीं दोन्ही नाणीं चालत, त्यांचा परस्पर भाव बाजार ठरवी, आणि पादशाही सत्ता खिळखिळी झाल्यावर टांकसाळी ठिकठिकाणच्या सत्ताधीशांच्या हातीं जाऊन नाण्यांचा कस व वजन ढळलें, असें चित्र लेखकानें आरंभीं काढलें आहे. चित्राचें पहिलें अर्ध उत्तम आहे. दुसरें अर्ध कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या लेखांवरून उतरलें आहे आणि त्यांचीच दृष्टि त्यांत राहून गेली आहे. परक्या व्यापाऱ्यास शंभर जातींचे रुपये हा निव्वळ गोंधळ वाटला, यांत नवल नाहीं. पण ज्यानें पेशवाईंतील एखादा जमाखर्च उलगडला आहे त्यास ठाऊक आहे कीं, तेथें नुसता ‘रुपये’ हा शब्द क्वचितच एकटा येतो. रुपये चांदवडी, अंकुशी, सुरती, अर्काटी, पन्हाळी, मल्हारशाही; प्रत्येकाची जात लिहिलेली, आणि एका जातीवरून दुसरीवर जातांना बट्टा लावलेला. सराफ तो बट्टा वजन, कस आणि चलनाचा प्रदेश पाहून ठरवी. ही व्यवस्था त्रासाची होती, महागाची होती, रयतेच्या बोकांडीं बसणारीहि होती. परंतु तिला नियम होते, आणि ते नियम कागदांत लिहिलेले सांपडतात. मराठी साधनांचा उपयोग या प्रकरणांत दिसत नाहीं, ही त्याची उणीव आहे. लंडनमध्यें बसून ब्ल्यू-बुकांवर लिहिलेल्या प्रबंधांत ती राहावी हें समजण्यासारखें आहे. शंभर वर्षांत आपण ती भरून काढली नाहीं हें समजण्यासारखें नाहीं.

आपल्याकडील मराठवाड्याच्या कागदांत हा प्रश्न अगदीं अलीकडेपर्यंत जिवंत होता. निजामाच्या राज्यांतील हाली शिक्का आणि इंग्रजी कलदार यांचा ठरीव मेळ सात हालीस सहा कलदार असा होता. शेताच्या खरेदीखतांत ‘रुपये शंभर’ एवढेंच वाचून पुणें जिल्ह्यांतील खरेदीखताशीं तुलना करणारा वाचक सुरुवातीलाच सातवा हिस्सा गमावून बसतो. मग पौंडाची गोष्टच नको.

१८३५ च्या १७ व्या कायद्यापासून मात्र ग्रंथ पक्क्या भूमीवर येतो. या कायद्यानें कंपनीचा एकछापी रुपया सुरू झाला : वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि त्यांत शुद्ध चांदी १६५ ग्रेन. मुंबई, मद्रास, फरुकाबाद व सोनात या रुपयांच्या बरोबरीनें तो चालावा आणि कलकत्त्याच्या सिक्क्याच्या पंधरा-षोडशांश धरावा, असें कायद्यांतच आहे. याचें कारण सिक्क्यांत शुद्ध चांदी सुमारें १७६ ग्रेन होती. बंगालच्या हिशेबांत याहून आणखी एक रुपया भेटतो, तो ‘करंट’. हा कधीं टांकसाळींत पडलाच नाहीं. १०० सिक्क्यांचे ११६ करंट, असा तो केवळ वहींत जगला. कंपनीच्या ताळेबंदांत दोन शिलिंगांचा जो रुपया म्हणतात तो बहुधा हाच. मुंबईच्या रुपयास तोच भाव लावून मराठी मुलखाच्या वसुलाचे पौंड काढलेले मीं विद्वानांच्या लेखांत पाहिले आहेत.

आतां हुंडणावळीचें मूळ गणित. तें डॉ. आंबेडकरांच्या दुसऱ्या प्रकरणाचा पाया आहे आणि तें एकदां समजलें म्हणजे एकोणिसाव्या शतकाचे अर्धे कागद बोलूं लागतात. लंडनमध्यें चांदी प्रमाणित औंसास विकली जाई. अशा औंसांत शुद्ध चांदी ४४४ ग्रेन. रुपयांत १६५. म्हणून लंडनचा भाव औंसास ६० पेन्स असेल तर रुपयाची चांदी २२.३ पेन्सांची, म्हणजे १ शिलिंग १०¼ पेन्सांच्या किंचित् वर, ठरते. भारताच्या टांकसाळी सर्वांस खुल्या होत्या तोंपर्यंत कोणीहि चांदी नेऊन रुपये पाडून घेई, आणि म्हणून हुंडीचा भाव या आंकड्यापासून फार दूर जाऊं शकत नसे. दूर गेला तर व्यापारी हुंडी न घेतां चांदीच जहाजांत घालीत. १८७३-७४ सालीं सरकारी कौन्सिल बिलांचा सरासरी भाव २२.३५ पेन्स पडला. गणिताशीं तो किती जुळतो तें पाहावें. पौंड तेव्हां पावणेअकरा रुपयांच्या आसपास होता.

पुढें जर्मनीनें सोन्याचें मान धरिलें, फ्रान्स आणि त्याच्या सोबतच्या लॅटिन संघांतील राष्ट्रांनीं चांदीस टांकसाळी आवळल्या, अमेरिकेच्या खाणी ओतूं लागल्या, आणि चांदी सोन्याच्या भावानें घसरली. रुपया चांदीस बांधलेला, पौंड सोन्यास. म्हणून या देशांत कांहीं एक न बदलतां रुपयाचा पौंडी भाव खालीं गेला. १८९० च्या जुलैंत अमेरिकन सरकारनें कायद्यानें चांदीची मोठी खरेदी आरंभिली तेव्हां भाव थोडा उसळला, आणि १८९०-९१ ची सरासरी १८ पेन्स पडली. ही उसळी टिकली नाहीं. १८९२-९३ सालीं सरासरी १५ पेन्सांवर आली. भारत सरकारला विलायतेंत दरसाल दीड कोटीहून अधिक पौंड द्यावे लागत : कर्जाचें व्याज, पेन्शनी, रेल्वेची हमी, लष्कराचा खर्च. कर मात्र रुपयांत येई. पौंडास पावणेअकराऐवजीं सोळा रुपये मोजावे लागले म्हणजे अंदाजपत्रक कसें वाकतें तें तिसऱ्या प्रकरणांत लेखकानें कोष्टकांनिशीं दाखविलें आहे. सर्व ग्रंथांत हें प्रकरण मला सर्वांत उतरलेलें वाटतें, कारण येथें तो एका सरकारच्या तिजोरीपाशीं थांबत नाहीं. भाव उतरला म्हणजे निर्यातदार सुखावतो, त्याला ‘राष्ट्राचा नफा’ म्हणतात. पण मजुरी किंमतींच्या मागून रखडत चढते, म्हणून हा नफा राष्ट्राचा नसून एका वर्गानें दुसऱ्याच्या ताटांतून घेतलेला घांस आहे, हा लेखकाचा आग्रह आहे. हुंडणावळीच्या वादांत मजुराचें नांव इतक्या स्पष्टपणें घेणारे लेखक त्या काळीं थोडे होते.

२६ जून १८९३ रोजीं टांकसाळी खाजगी चांदीस बंद झाल्या. दप्तरवाचकाच्या दृष्टीनें हा दिवस १८३५ च्या कायद्याइतकाच महत्त्वाचा आहे. आणि आपल्यापैकीं फारच थोडे तो ध्यानांत धरतात. या दिवसापर्यंत रुपया म्हणजे छाप मारलेली चांदी. या दिवसानंतर रुपयाचा भाव आणि त्यांतल्या चांदीचा भाव हे दोन निराळे पदार्थ झाले. १८९४ सालीं लंडनमध्यें चांदी औंसास सुमारें २९ पेन्स होती; वरच्या गणितानें रुपयांतल्या चांदीचे पावणेअकरा पेन्स होतात. पण १८९४-९५ सालीं हुंडीचा सरासरी भाव १३.१ पेन्स होता. नाणें वितळवून त्याचा पौंडी भाव काढणारा संग्राहक, पौंडी भावावरून त्याची चांदी मोजणारा संग्राहक, दोघेहि येथें फसतात.

आणि हें केवळ संग्राहकाचें दुखणें नव्हतें. रुपयाच्या कसाची एक तोळा चांदी टांकसाळींत नेली तर शेंकडा दोनची मजुरी वजा जातां रुपया होई. म्हणून कुणब्याच्या बायकोच्या हातांतील गोठ आणि पायांतील तोडे ही त्याची ठेव होती, आणि ती ठेव तोळ्यास रुपया या हिशेबानें तो मनांत धरून असे. टांकसाळी बंद झाल्या, सरकारनें रुपयांचा पुरवठा आवळून भाव १८९८-९९ पर्यंत १६ पेन्सांवर चढविला, आणि १८९९ च्या कायद्यानें पंधरा रुपयांस एक सॉव्हरिन ठरलें. लंडनची चांदी तेव्हां साडेसत्तावीस पेन्सांच्या सुमारास. म्हणजे त्याच तोळ्याची किंमत नव्या रुपयांत दहा आण्यांच्या आसपास उरली. हें झालें १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांच्या वेळीं. ज्यांच्या संग्रहीं त्या वर्षांच्या सावकारी वह्या असतील त्यांनीं गहाणाच्या दागिन्यांचें वजन व दिलेली रक्कम यांचा मेळ घालून पाहावा. दहा आणे हें सावकाराचें पाप किती आणि टांकसाळीचें किती, हें ठरविल्याशिवाय त्या वह्यांवर नैतिक शेरे मारूं नयेत. मी मारले आहेत, म्हणून सांगतों.

याच घटनेची दुसरी बाजू नामदार गोखले यांनीं २६ मार्च १९०२ रोजीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांत अंदाजपत्रकावर बोलतांना मांडली. भाव घसरत होता तेव्हां तूट भरण्याकरितां कर वाढविले. भाव १३ पेन्सांवरून १६ वर गेला आणि विलायतेच्या देण्यांतच कोट्यवधि रुपये वांचूं लागले, तरी कर तेच राहिले. सरकारची शिल्लक ही भरभराटीची खूण नसून चलनाच्या फेरबदलाची आहे, असा त्यांचा कोटिक्रम होता. डॉ. आंबेडकरांचा ग्रंथ आणि गोखल्यांचें तें भाषण शेजारीं ठेवून वाचावें. एकास खालच्या भावांत मजूर नाडला जातांना दिसतो, दुसऱ्यास वरच्या भावांत करदाता. दोघेहि आपापल्या जागीं बरोबर आहेत, आणि ‘रुपया वधारला तें चांगलें कीं वाईट’ हा प्रश्न ‘कोणास?’ हें विचारल्यावांचून सोडविणाऱ्या आजच्या वृत्तपत्री पंडितांस या दोघांकडूनहि घेण्यासारखें पुष्कळ आहे.

चौथ्या प्रकरणापासून पुढें ग्रंथ वादाच्या रंगांत येतो. फौलर कमिटीनें १८९८-९९ सालीं सुवर्णमानाची शिफारस केली. घडलें तें निराळेंच. सोनें देशांत चालण्याऐवजीं लंडनमध्यें सांठलें, येथें रुपये चालले, आणि त्यांचा पौंडी भाव कौन्सिल बिलें विकून वा उलट्या हुंड्या विकून सरकार सांवरूं लागलें. केन्स यांनीं १९१३ च्या आपल्या ‘इंडियन करन्सी अँड फायनान्स’ या ग्रंथांत या व्यवस्थेची वाखाणणी केली. डॉ. आंबेडकर तिच्यावर तुटून पडतात. रुपये किती पाडावे यावर सरकारच्या इच्छेखेरीज कांहीं बंधन नाहीं; हुंडणावळ स्थिर दिसते पण देशांतील किंमती चढत आहेत; भावाचें स्थैर्य हें चलनाच्या आरोग्याचें लक्षण नव्हे, असें त्यांचें म्हणणें आहे. केन्ससारख्याशीं असा सामना करतांना लेखकाचा सूर कधीं कधीं गरजेपेक्षां चढतो, आणि १९१४ पर्यंतची किंमतवाढ कांहीं अंशीं जगभरचीच होती याला त्यांनीं पुरेसें वजन दिलेलें नाहीं असें मला वाटतें. परंतु १९२० च्या घटनांनीं वादाचा निकाल बराचसा त्यांच्या बाजूनें दिला.

त्या घटना थोडक्यांत अशा. महायुद्धांत चांदी भडकली, रुपया नाण्यापेक्षां धातु म्हणून महाग होऊं लागला, आणि १९१७ पासून सरकार भाव पायरीपायरीनें चढवीत गेलें. बॅबिंग्टन-स्मिथ कमिटीनें रुपयास दोन शिलिंग सोनें हा भाव सुचविला. एकट्या दादिबा मेरवानजी दलाल यांनीं भिन्नमतपत्रिका जोडून जुन्या पंधराच्या भावाचा आग्रह धरिला. सरकारनें कमिटीचें ऐकलें, तो भाव टिकविण्याकरितां उलट्या हुंड्या विकल्या, कोट्यवधींचें नुकसान सोसलें, आणि सप्टेंबर १९२० मध्यें हात टेंकले. १९२१ सालीं बाजारभाव १ शिलिंग ४ पेन्सांच्याहि खालीं होता. कायद्याच्या पुस्तकांत मात्र दहा रुपयांचें सॉव्हरिन १९२७ पर्यंत तसेंच बसून राहिलें. कायद्यांतला भाव म्हणजे बाजारांतला भाव असें गृहीत धरणाऱ्यांकरितां याहून चांगला दृष्टांत मिळणार नाहीं.

ग्रंथाच्या शेवटीं सुचविलेला उपाय, रुपये पाडणें कायमचें थांबवून सोन्याकडे वळण्याचा, काळानें मागें टाकला. सप्टेंबर १९३१ मध्यें इंग्लंडनेंच सोनें सोडलें आणि रुपया स्टर्लिंगला बांधला गेला. उपाय गेला, चलनाच्या संख्येवर सत्ताधीशाच्या मर्जीबाहेरचें बंधन हवें, हें निदान गेलेलें नाहीं. या पुस्तकांतूनच रिझर्व्ह बँक जन्मली असें अलीकडे सर्रास लिहिलें जातें. डॉ. आंबेडकरांनीं १५ डिसेंबर १९२५ रोजीं हिल्टन-यंग कमिशनपुढें साक्ष दिली, त्या कमिशननें मध्यवर्ति बँकेची शिफारस केली, आणि ती बँक १ एप्रिल १९३५ रोजीं सुरू झाली, हें सर्व खरें. परंतु प्रस्तुत ग्रंथाचा विषय नाण्याचें मान हा आहे, बँकेची रचना हा नव्हे. न वाचतां केलेली स्तुति ही ग्रंथकाराची सेवा नव्हे. त्याच्या पदरीं जें खरोखर आहे तेवढेंच पुष्कळ आहे.

१९२७ च्या कायद्यानें रुपया १ शिलिंग ६ पेन्सांवर बसला. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं कमिशनांत चार पेन्सांकरितां दिलेली झुंज प्रसिद्धच आहे. तेरा रुपये पांच आणे चार पैंचा पौंड तो हा. तो भाव १९६६ पर्यंत हालला नाहीं, आणि म्हणूनच आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांस तो निसर्गनियमासारखा वाटे. पण त्यांतहि एक खुबी आहे. १९४९ च्या सप्टेंबरांत पौंड आणि रुपया दोघेहि बरोबरीनें उतरले; परस्परांचा भाव तोच राहिला आणि डॉलर मात्र ३ रुपये ३१ पैशांवरून, आजच्या दशमान भाषेंत, ४ रुपये ७६ पैशांवर गेला. ६ जून १९६६ रोजीं डॉलर साडेसात आणि पौंड एकवीस रुपयांचा झाला. पुढच्याच वर्षीं नोव्हेंबरांत पौंड उतरल्यामुळें तो अठरावर आला. या अठरा महिन्यांच्या आंतील पत्रव्यवहार ज्यांच्या हातीं पडेल त्यांनीं महिना पाहिल्यावांचून टीप लिहूं नये. १९७५ पासून तर रुपया पौंडापासून सुटलाच.

संपादकांस माझी विनंती एवढीच आहे कीं, मूळ कागदांतला आंकडा जसा असेल तसा, नाण्याच्या जातीसह छापावा, आणि रूपांतर केलेंच तर भाव, त्याचें साल आणि तो सरकारी बिलांचा कीं पेढीचा हें टिपेंत सांगावें. वाचकास गणित येतें. त्याला आपलें प्रमाण हवें असतें.

आतां माझ्या त्या टिपणाचें. ५५० रुपयांस १३.१ पेन्स लावले तर ३० पौंड आणि वर पांच पेन्स होतात. मुलास पोंचले २९ पौंड १६ शिलिंग. उरलेल्या चार शिलिंग पांच पेन्सांत पेढीचा भाव सरकारी सरासरीहून किंचित् हलका असणें आणि तिची दलाली हीं दोन्ही आलीं. १८९० च्या ४०० रुपयांस १८ पेन्स लावले तर नेमके ३० पौंड होतात, आणि वरच्या दोन शिलिंगांस त्या वर्षींच्या चढउतारांत भरपूर जागा आहे. आडत्यानें दोन्ही वेळां आपलें काम चोख केलें होतें. ज्यांच्या संग्रहीं तें टिपण असेल त्यांनीं त्यांतील शेवटचा परिच्छेद खोडून समासांत वरील आंकडे लिहून ठेवावेत.